विरजण, वेसण आणि बालेकिल्ला : रोजच्या मराठीतील रूपके कशी समजून घ्यावीत

रूपक हा शब्द कानावर पडला की बहुतेकांना शाळेतील व्याकरणाच्या पुस्तकातले अलंकारांचे प्रकरण आठवते, आणि त्यासोबत उपमेय, उपमान, 'मुखचंद्र' आणि दोन गुणांचा प्रश्नही आठवतो. परीक्षा संपली की ते प्रकरण मिटते आणि रूपक ही केवळ कवींच्या कामाची वस्तू आहे, असा समज मनात घर करून बसतो. तीच व्यक्ती पुढे कधीतरी संध्याकाळी कामावरून परतल्यावर घरी सांगते की आज डोक्याचा भुगा झाला, बढतीचा विषय चांगलाच चिघळला आहे आणि साहेबांच्या खोलीत काहीतरी शिजते आहे. या बोलण्यात कवी कोठेही नाही, पण करवतीखाली पडणारा भुगा आहे, न भरलेली जखम आहे आणि चुलीवरचे झाकलेले पातेले आहे. इतकेच काय, समज 'घर करून बसतो' असे मी वर लिहिले, तेथेही रूपकच आले.

हा लेख मराठी नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे. त्याचबरोबर जन्मापासून मराठी बोलत असूनही अनुवाद, बातमी किंवा भाषण लिहायला बसल्यावर ज्यांचा हात अडखळतो, त्यांच्यासाठीही आहे. त्यात सांगितलेली पद्धत एकच आहे आणि पुढील सर्व पायऱ्या तिच्यातूनच निघतात : शब्दकोश उघडण्याआधी वस्तू पाहावी. 'विरजण पडणे म्हणजे आनंदाचा बेरंग होणे' हे शब्दकोश बरोबर सांगतो, परंतु तेवढ्याने तो वाक्प्रचार कोठे शोभेल आणि कोठे शोभणार नाही, हे कळत नाही. ज्याने रात्री दुधाला विरजण लावताना पाहिले आहे, त्याला ते न सांगताही कळते.

पहिली पायरी : शब्दशः अर्थ कोठे अडतो ते पाहावे

रूपक ओळखण्याची एक जुनी आणि अजूनही सोपी कसोटी संस्कृत काव्यशास्त्राने दिली आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी शब्दाच्या तीन शक्ती मांडल्या : अभिधा म्हणजे सरळ अर्थ सांगणारी, लक्षणा म्हणजे मूळ अर्थ अडला की त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देणारी आणि व्यंजना म्हणजे न सांगितलेला अर्थ सुचवणारी. त्यांपैकी लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत. शब्दाचा मूळ अर्थ वाक्यात बसत नसला पाहिजे. नव्या अर्थाचा त्या मूळ अर्थाशी काहीतरी संबंध असला पाहिजे. आणि असा वापर रूढ झालेला असला पाहिजे किंवा त्यामागे काही हेतू असला पाहिजे. 'विषय चिघळला' या वाक्याला ही कसोटी लावून पाहू. विषयाला कातडी नसते, म्हणून तो चिघळू शकत नाही. येथे मूळ अर्थ अडला. वेळीच उपचार न केलेली जखम आणि वेळीच न सोडवलेला वाद यांत साम्य आहे. येथे संबंध सापडला. आणि 'वाद वाढला' असे न म्हणता 'चिघळला' म्हटल्याने, कोणीतरी लक्ष द्यायला हवे होते आणि दिले नाही, असा ठपकाही आपोआप ठेवला जातो. हा झाला हेतू.

शाळेत शिकवलेल्या फरकाचा येथे थोडा उपयोग होतो, पण थोडाच. 'सारखा', 'जसा' आले की उपमा, 'जणू' आले की उत्प्रेक्षा आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हटले की रूपक, ही विभागणी कवितेसाठी ठीक आहे. रोजच्या बोलण्यात मात्र उपमेयाचे, म्हणजे ज्याविषयी बोलायचे त्याचे, नावही न घेता काम भागते. 'नंदीबैल आला बघा' एवढे म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे ते सगळ्यांना कळते. म्हणून या लेखात रूपक हा शब्द त्या व्यापक अर्थाने, म्हणजे एका वस्तूच्या भाषेत दुसऱ्या गोष्टीविषयी बोलणे या अर्थाने वापरला आहे.

नवख्या वाचकाने येथेच एक भेद लक्षात घ्यावा. संस्कृत ग्रंथांत 'गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे' हे लक्षणेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. वस्ती प्रवाहावर नसून काठावर असते, तेव्हा येथील संबंध साम्याचा नाही, जवळिकीचा आहे. 'कोणाच्या पोटावर पाय देणे' यातील पोटही असेच आहे : पोट हे उपजीविकेसारखे दिसत नाही, उपजीविकेने ते भरते, एवढाच संबंध आहे. साम्यावर उभी असलेली लक्षणा वेगळी, आणि तिचेही जुने उदाहरण बैलाचेच आहे : वाहीक प्रदेशातील माणसाला 'बैल' म्हणणे. आपले काम प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

कसोटी लावताना प्रसंग विसरू नये. पावसाळ्यात एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत कोणी 'कुठेतरी पाणी मुरतंय' असे म्हणाले, तर ते गच्चीविषयी आहे की हिशेबाविषयी, हे बोलणाऱ्याचे बोट छताकडे आहे की खजिनदाराकडे, यावरूनच ठरते.

दुसरी पायरी : वस्तू कोणती, आणि ती करते काय

आता बैलाकडेच येऊ, कारण या पायरीसाठी त्याच्याइतके चांगले उदाहरण मला मराठीत दुसरे सापडलेले नाही. शिकणाऱ्यांचा पहिला अंदाज असा असतो की प्रत्येक प्राण्याचा एक ठरलेला गुण असतो : कोल्हा लबाड, सिंह शूर, बैल मूर्ख. हा अंदाज बैलापाशी लगेच कोसळतो. एखाद्याला 'बैलोबा' म्हटले तर तो मंदबुद्धी ठरतो. तो 'बैलासारखा राबतो' असे म्हटले तर तो कष्टाळू ठरतो आणि त्याच्याविषयी थोडी कीवही वाटते. तो 'घाण्याचा बैल' झाला आहे असे म्हटले तर तो दिवसभर चालूनही जेथल्या तेथेच राहणारा ठरतो. आणि 'नंदीबैल' म्हटले तर साहेब जे म्हणतील त्याला मान डोलावणारा ठरतो. प्राणी एकच आहे, पण माणसे चार निराळी आहेत.

या चौघांना वेगळे करते ते बैलाचे काम. तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल डोळ्यांवर झापड बांधून एकाच वर्तुळात फिरतो. संध्याकाळपर्यंत काही कोस चालणे होते, पण घाण्याची जागा सोडून तो कोठेही गेलेला नसतो. नंदीबैल शेतात राबतच नाही. त्याच्या अंगावर झूल, शिंगांना गोंडे आणि गळ्यात घंटा असतात, त्याचा मालक गुबुगुबु वाजवत दारोदार फिरतो, 'पाऊस पडंल का?' असे विचारतो आणि बैल शिकवल्याप्रमाणे मान हलवतो. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की 'नंदीबैल' हा शब्द केवळ होयबा या अर्थाने उरत नाही : त्यात ती भरजरी झूलही येते, म्हणजे मानाचे पद आणि शून्य अधिकार ही जोडी येते. म्हणूनच एखाद्या सभेत भीतीने गप्प बसणाऱ्या कनिष्ठ कारकुनाला नंदीबैल म्हणणे चुकीचे वाटते, तर त्याच सभेत अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्या पदाधिकाऱ्याला ते नेमके लागू पडते.

तेव्हा या पायरीवर स्वतःला विचारायचा प्रश्न 'हा प्राणी कसा असतो' किंवा 'ही वस्तू कशी दिसते' असा नसून 'ही वस्तू कोणाच्या हातात असते आणि तिच्याकडून काय करून घेतले जाते' असा असावा. शहरात वाढलेल्यांना याची अडचण येते हे खरे आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. 'लोढणे' या शब्दाचेच पाहा. 'गळ्यात लोढणे अडकवून घेतले' असे सहज म्हटले जाते, आणि ऐकणारा ते एखादे जड ओझे असावे असे समजून पुढे जातो. लोढणे म्हणजे उनाड किंवा मारक्या गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. ते जनावर पळू लागले की तो ओंडका त्याच्या पुढच्या पायांत येतो. म्हणजे लोढणे जड आहे यापेक्षा ते पळू देत नाही, हे महत्त्वाचे. कर्जाचे हप्ते हे लोढणे होऊ शकते, कारण ते नोकरी सोडू देत नाहीत. प्रवासातली जड बॅग मात्र ओझेच असते.

तिसरी पायरी : काय ओलांडून आले आणि काय मागे राहिले

कोणतेही रूपक वस्तूचे सगळे गुण घेऊन येत नाही. काही गुण सीमा ओलांडतात, बाकीचे गोठ्यात, स्वयंपाकघरात किंवा पुराणातच राहतात. माझ्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या एका परप्रांतीय गृहस्थांनी विचारले होते की दह्यासारखा चांगला पदार्थ देणारे विरजण मराठी माणसाला इतके अशुभ का वाटते. प्रश्न रास्त होता. 'सहलीच्या उत्साहावर विरजण पडले' या वाक्यात दह्याची चव मागे राहते; ओलांडून येते ती एवढीच गोष्ट की चमचाभर विरजण पातेलेभर दुधाचे रूप बदलते आणि ते दूध पुन्हा दूध होत नाही. ज्या दुधाची बासुंदी करायची होती त्यात ते पडले, तर बेत संपला. म्हणून मोठ्या आनंदावर एखाद्या लहानशा कारणाने पाणी पडले तरच हा वाक्प्रचार शोभतो. महापुराने गाव उद्ध्वस्त झाले असताना 'दिवाळीच्या आनंदावर विरजण' असे लिहिणारा वार्ताहर व्याकरणात चुकत नाही, प्रमाणात चुकतो.

स्वयंपाकघरातील दुसरे चांगले उदाहरण 'मुरणे' हे आहे. 'मुरलेला राजकारणी' हा लोणच्याच्या बरणीतून आलेला आहे : मीठ, तेल आणि काळ यांनी फोडीचा कच्चेपणा जातो आणि मसाला आतपर्यंत पोहोचतो. 'पाणी मुरतंय' यातील मुरणे मात्र भिंतीतले आहे. तेथे आत जाणारी गोष्ट दिसत नाही आणि इमारतीचे नुकसान करते. क्रियापद एक असले तरी एका चित्रात काळ मित्र आहे आणि दुसऱ्यात शत्रू. वाक्यातील नाम पाहिल्याशिवाय चित्र ठरवू नये.

पुराणातील व्यक्तींच्या बाबतीत मागे काय राहिले, हे तपासणे अधिकच गरजेचे असते, कारण तेथे एक पात्र नव्हे, तर अख्खी गोष्ट रूपकात येते. भस्मासुराला वर देणारे शंकरच होते, तो त्यांच्याच मस्तकावर हात ठेवायला धावला आणि अखेरीस मोहिनीसोबत नाचताना स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून भस्म झाला. जे आपण स्वतः पोसले तेच आपल्यावर उलटले, हा या रूपकाचा कणा आहे. एखाद्या पक्षाने वाढवलेला गुंड पक्षालाच डोईजड होणे, हे भस्मासुराचे योग्य ठिकाण. परंतु वृत्तपत्रांत 'महागाईचा भस्मासुर', 'लोकसंख्येचा भस्मासुर' असे लिहिताना 'फार मोठा राक्षस' एवढाच अर्थ उरलेला असतो. रूढीने ते खपून जाते. मी स्वतः मात्र अशा जागी तो शब्द काढून टाकतो.

चौथी पायरी : एकट्या शब्दावर थांबू नये, त्याचे गणगोत शोधावे

१९८० साली जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी असे मांडले की रूपके सुटी सुटी नसतात. एका अनुभवक्षेत्राची संपूर्ण मांडणी दुसऱ्या क्षेत्रावर बसवलेली असते, आणि आपण बोलण्याआधी विचारही त्याच मांडणीतून करतो. वादाला आपण युद्धाच्या भाषेत बोलतो, हे त्यांचे गाजलेले उदाहरण. मराठीतही मुद्दा खोडून काढला जातो, प्रतिपक्षाला निरुत्तर करून त्याच्यावर मात केली जाते. पण परक्या उदाहरणांवर समाधान मानण्यापेक्षा आपल्या भाषेतील मांडण्या शोधणे अधिक फलदायी असते.

एक मांडणी वर अर्धवट दिसलीच आहे. मराठीत नियंत्रणाविषयीची भाषा फार मोठ्या प्रमाणात गोठ्यातून आलेली आहे. महागाईला वेसण घातली जाते. वेसण म्हणजे जनावराच्या नाकातून ओवलेली दोरी, जिला हलका झटका दिला तरी बलदंड बैल वळतो. तपासयंत्रणा कोणाच्या तरी दावणीला बांधल्या जातात. दावण म्हणजे गुरे ओळीने बांधण्याची दोरी, आणि तिच्यात बांधलेले जनावर तेथला चारा खाते, हा अर्थही ओघाने येतोच. परकीय सत्तेचे जोखड झुगारले जाते. कासरा, म्हणजे बैलाला हाकण्याची दोरी, ढिला सोडला की गाडी भरकटते. गुन्हेगार मोकाट सुटतात, आणि आपण मोकाट म्हणतो ते गुरांनाही. या पाच-सहा शब्दांची ओळख एकत्र करून घेतली की सातवा शब्द भेटल्यावर त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. शिवाय प्रत्येकाची छटा कळते : वेसण बलवानाला घालतात, दावणीला बांधलेला आश्रित असतो, जोखडाखाली असलेला राबतो. 'गुलामगिरीची वेसण' हा शब्दप्रयोग का खटकतो, हे आता वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरी मांडणी रागाची आहे. डोके तापते, पारा चढतो, माणूस भडकतो, आतून धुमसतो, आणि कोणीतरी समजूत घातली की थंड होतो. खुद्द 'राग' हा शब्द संस्कृतात रंग, लाली आणि आसक्ती या अर्थांचा आहे. मराठीने त्यातून संतापाची लाली तेवढी ठेवून घेतली आणि प्रेमाची लाली 'अनुरागा'कडे दिली. 'सहनशीलतेचा कडेलोट' हा शब्दप्रयोग या कुटुंबात शिरलेला पाहुणा आहे. गुन्हेगाराला उंच कड्यावरून लोटून देण्याची शिक्षा म्हणजे कडेलोट, आणि रायगडावरील टकमक टोक त्यासाठी ओळखले जाते. आजच्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र बहुधा काठोकाठ भरून सांडणारे भांडे असते, कारण भांड्यालाही कड असते. शब्द एकच राहिला आणि त्याखालचे चित्र बदलले. मराठीत असे बरेच घडते.

उष्ण आणि थंड यांविषयी अनुवादकांना एक सूचना द्यावीशी वाटते. मराठीत 'जीव गार झाला', 'डोळे निवले', 'काळजाला थंडावा मिळाला' हे सगळे सुखाचे शब्द आहेत. जेथे मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे असे होणे स्वाभाविकच आहे. थंड प्रदेशांतील भाषांमध्ये ऊब हे प्रेमाचे आणि गारठा हे दुराव्याचे चिन्ह असते. त्यांचे शब्दशः अनुवाद करताना 'उबदार स्वागत' मराठीत आले आणि आता ते सर्रास छापले जाते. चंद्रपूरच्या स्थानकावर भर उन्हात उतरलेल्या पाहुण्याला उबदार स्वागत नको असते, त्याला गार पाण्याचा तांब्या हवा असतो.

वेळेची मांडणी मात्र थोडक्यात आटोपते, कारण ती बहुतेक आधुनिक भाषांत सारखीच आहे : वेळ वाचतो, खर्ची पडतो, वाया जातो. फक्त 'वेळ काढणे' याकडे लक्ष द्यावे. 'तुमच्यासाठी वेळ काढला' यात सौजन्य आहे, तर 'नुसता वेळ काढतोय' यात वेळकाढूपणा.

पाचवी पायरी : रूपक जिवंत आहे की विझले आहे

प्रत्येक रूपक कधीतरी झिजते. 'कुशल' हा शब्द आज कोणालाही रूपक वाटत नाही. पण जुन्या व्युत्पत्तीप्रमाणे जो हात न कापता धारदार कुश-गवत तोडून आणतो तो कुशल. मम्मटांनी रूढीने आलेल्या लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द दिला, आणि चौदाव्या शतकातील काव्यशास्त्रकार विश्वनाथांनी त्यावर आक्षेप घेतला की व्युत्पत्ती काहीही असो, 'निपुण' हाच या शब्दाचा सरळ अर्थ आहे. विझलेल्या रूपकाला रूपक म्हणायचे की नाही, हा वाद इतका जुना आहे. व्यवहारापुरते उत्तर सोपे आहे : बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला चित्र दिसत नसेल, तर तो साधा शब्द समजावा.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांची भाषा या दृष्टीने फार रंजक आहे. डोंगराला माथा असतो, पायथा असतो, कड्यावरून खाली उतरणारी सोंड असते. सुईच्या भोकाला नेढे म्हणतात, आणि राजगडाच्या सुवेळा माचीवर (माची म्हणजे गडाच्या माथ्याखालचा तटबंदीचा सपाट भाग) कातळाला जे आरपार भोक आहे त्यालाही नेढेच म्हणतात. माथा आणि पायथा हे शब्द पूर्णपणे विझले आहेत. सोंड अर्धी जिवंत आहे. नेढे मात्र, ज्याने सुईत दोरा ओवला आहे आणि जो त्या भोकात बसून वारा खाऊन आला आहे, त्याच्यासाठी लख्ख जिवंत आहे.

विझण्याची क्रिया आपल्या डोळ्यांदेखतही चालू असते. उशिरा विनोद समजणाऱ्याला 'ट्यूबलाइट' म्हणतात, कारण चोक आणि स्टार्टर असलेली ट्यूब दोन-चार वेळा लुकलुकून मगच लागत असे. आता एलईडीच्या नळ्या बटण दाबताच लागतात, आणि ज्यांनी ती लुकलूक पाहिलेली नाही अशी मुलेही एकमेकांना ट्यूबलाइट म्हणतात. त्यांच्यासाठी तो शब्द कुशलाच्या वाटेने निघालेला आहे. उलट बाजूला 'माझी बॅटरी डाऊन झाली आहे' हे नवे रूपक रोज रात्री चार्जिंगला लावलेल्या फोनमुळे ताजे राहते.

इतिहासातून आलेली रूपके निराळ्या रीतीने टिकतात. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडल्यानंतर मावळे माघारी वळू लागले तेव्हा त्यांचे बंधू सूर्याजी यांनी कड्यावरचे दोर कापून टाकले, ही कथा मराठी मुलांना शाळेतच कळते. म्हणून 'परतीचे दोर कापले' या वाक्यासोबत कडा, अंधार आणि लढण्यावाचून पर्याय नसणे हे सगळे येते. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवामुळे 'पानिपत होणे' म्हणजे पुरता बीमोड होणे असा अर्थ झाला. हरियाणातील त्या गावाचा रहिवासी मराठी शिकू लागला, तर ज्या गावाची त्याला कापड आणि घोंगड्यांच्या व्यवसायासाठी ओळख आहे, त्याचे नाव निवडणुकीच्या निकालात पराभूत पक्षापुढे का येते, हे त्याला समजावून सांगावे लागेल.

सहावी पायरी : या चित्रात आपल्याला कोठे उभे केले आहे

रूपक एक बाजू दाखवते आणि तेव्हाच दुसरी झाकते. हे पाहण्यासाठी निवडणुकीच्या दिवसांतले कोणतेही मराठी वृत्तपत्र पुरेसे आहे, आणि नवख्या वाचकाने हा अभ्यास एकदा तरी करावा. तेथे साधारणपणे तीन चित्रे एकाच पानावर नांदत असतात.

पहिले चित्र किल्ल्याचे. अमुक जिल्हा हा अमुक पक्षाचा बालेकिल्ला, तेथे विरोधकांनी सुरुंग लावला, खिंडार पाडले, तरी शिलेदारांनी गड राखला. बालेकिल्ला यातील 'बाला' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ वरचा असा आहे. माच्या शत्रूच्या हाती गेल्या तरी जो सर्वांत उंचावरचा भाग शेवटपर्यंत लढवता येतो तो बालेकिल्ला. पक्षाच्या दृष्टीने रूपक अचूक आहे. पण या चित्रात मतदार शोधला तर तो तटाच्या दगडांत सापडतो : त्याची मालकी कोणाची तरी आहे, आणि तो दुसरीकडे वळला तर ते खिंडार ठरते.

दुसरे चित्र आखाड्याचे. उमेदवार शड्डू ठोकतात, दंड थोपटतात, कोणी कोणाला अस्मान दाखवतो आणि शेवटी एक जण चीतपट होतो. येथे मतदार दगडापेक्षा बऱ्या स्थितीत आहे, तो मातीभोवती बसलेला प्रेक्षक आहे. पण कुस्तीचा निकाल प्रेक्षक लावत नाहीत.

तिसरे चित्र एकाच शब्दात येते : 'कौल'. मतदारांनी कौल दिला, असे आपण निकालाच्या दिवशी म्हणतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन किंवा बोल असा आहे, आणि जुन्या व्यवहारात कौल म्हणजे अभयाचे किंवा कराराचे वचन. कोकणात आणि गोव्यात मात्र देवाला कौल लावतात : मूर्तीला पाकळ्या किंवा फुले चिकटवतात, मनातला प्रश्न सांगतात आणि उजवीकडची पाकळी पडली की डावीकडची, यावरून देवाचे उत्तर समजून घेतात. या चित्रात मतदार देवाच्या जागी आहे आणि उमेदवार हात जोडून उभा आहे. एकच माणूस एका पानावर दगड, प्रेक्षक आणि देव अशा तिन्ही रूपांत असतो, आणि बातमी वाचताना आपल्याला ते जाणवतही नाही. मला स्वतःला तिसरे चित्र पटते. पण प्रचाराच्या महिनाभरात पहिली दोनच दिसतात आणि तिसरे निकालाच्या दिवशी उगवते, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

आजाराच्या भाषेतही हीच तपासणी करावी. कर्करोगाशी झुंज देणे ही उमेद देणारी भाषा आहे, हे मान्यच. मात्र रुग्ण दगावल्यावर 'अखेर झुंज अपयशी ठरली' असे छापले की अपयश आजाराचे न राहता त्या माणसाचे होते. निधनाच्या बातमीत 'दीर्घ आजाराने' एवढे म्हणणे पुरते.

सातवी पायरी : स्वतः वापरताना

येथे नियम कमी आणि सवय जास्त आहे. एका वाक्यात एकच चित्र पुरे करावे. 'भ्रष्टाचाराच्या भस्मासुराची पाळेमुळे खणून काढण्यासाठी प्रशासनाने कंबर कसली' हे वाक्य मी घडवलेले आहे, पण तशी वाक्ये रोज छापून येतात. त्यात असुराला मुळे फुटली आहेत. झाड ठेवायचे असेल तर भस्मासुर काढावा, आणि भस्मासुर ठेवायचा असेल तर त्याला वर कोणी दिला होता तेही लिहावे. 'कंबर कसणे' राहू द्यावे. ते इतके विझलेले आहे की झाडालाही चालते आणि राक्षसालाही. अनुवाद करताना मूळ भाषेतील वस्तू उचलून आणण्याऐवजी, त्या वस्तूचे जे काम आहे ते मराठीत कोणती वस्तू करते, ते शोधावे. सापडली नाही तर साधे वाक्य लिहावे, कारण ओढूनताणून आणलेल्या रूपकापेक्षा साधे वाक्य कधीही बरे.

सरावासाठी एक वही करावी आणि रोज वृत्तपत्रातील एकाच बातमीतील रूपकांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : मूळ वस्तू, तिचे काम आणि येथे ओलांडून आलेला गुण. वस्तू ठाऊक नसेल तर आधी घरातील किंवा गावाकडील वडीलधाऱ्यांना विचारावे, कारण ते अर्थ न सांगता थेट हातवारे करून ती वस्तू दाखवतात. ते शक्य नसेल तर मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहावा. दोन्ही आता इंटरनेटवर शोधता येतात. त्या कोशांच्या काळी औत, जाते, मोट, रहाट या रोजच्या वापरातील वस्तू होत्या, त्यामुळे त्यांचे वर्णन तेथे बारकाईने मिळते. सुरुवात करायला 'दळण' हा शब्द चांगला आहे : जुनेच रडगाणे पुन्हा सांगणाऱ्याला 'तेच ते दळण दळू नकोस' असे का म्हणतात, हे जात्याजवळ बसून एकदा तरी दळून पाहिलेल्या आजीला विचारावे आणि ती जे सांगेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.